आजारी खोलीचे नियम आणि माझं पोट

गंगाखेडच्या आमच्या पाळणाघरात आजारी मुलांबद्दल जेवढे म्हणून नियम आहेत, ते सगळे मी लिहिले आहेत. आणि ते सगळे मी एकाच दिवसात मोडले आहेत.

त्याचं असं झालं. शीलाताईंच्या पाळणाघरात आमची चार वर्षांची गोदू जाते. तिथे येणाऱ्या बहुतेक मुलांच्या आया नोकरी करतात. मुलाला शिंक आली की रजा टाकायची, तर वर्षभर घरीच बसावं लागेल! म्हणून शीलाताईंनी मागची एक खोली रिकामी केली, तिच्यात दोन खाटा टाकल्या आणि तिला 'आजारी खोली' असं नाव दिलं. आता खोली आली म्हणजे नियम आले. मी हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवतो. पालकांच्या बैठकीत नियमांचा विषय निघाला तेव्हा मी हात वर केला नव्हता, पण माझ्याकडे कोणी बघेना म्हणून खोकलो.

नियम मी फार मन लावून लिहिले. सर्दी असेल तर चालेल. ताप असेल तर आजारी खोलीत. अंगावर पुरळ असेल तर आणूच नये, आणि आत आल्यावर लक्षात आलं तर मुलाला थेट आजारी खोलीत ठेवून ताबडतोब आईला फोन करावा. ('वडिलांना सांगून उपयोग नाही' हे वाक्यही माझंच. बैठकीत सगळ्या बायका हसल्या आणि मी खूश झालो.) शिवाय, जो मोठा माणूस आजारी खोलीत जाईल, त्याने डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बाहेर येऊ नये. हा नियम करण्याचं कारण म्हणजे एका गृहस्थांचे डोळे आले होते, आणि ते मुलाला भेटायच्या निमित्ताने आत-बाहेर करत अर्ध्या गल्लीला डोळे वाटून गेले होते.

जानेवारीतली गोष्ट. माझी बायको सुरेखा शिक्षिका आहे, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये तिची नेमणूक होते आणि दर उन्हाळ्यात ती बेकार होते. इतक्या वर्षांनी परभणीच्या एका शाळेतून कायम जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. आदल्या रात्री ती तयारी करत होती म्हणून गोदूला मी झोपवलं. माझ्या पद्धतीने झोपवलं. (ती पद्धत पुढे येईल.) सकाळी सुरेखा पहिल्या एसटीने परभणीला गेली. जाताना म्हणाली, "काही झालं तर फोन करा."

मी म्हणालो, "काही होत नाही! मी आहे ना!"

ती जरा काळजीत पडल्यासारखी दिसली.

ती गेली आणि अंघोळीसाठी मी गोदूचा स्वेटर काढला. पोटावर लाल लाल पुरळ! पाठीवर थोडं, कमरेवर भरपूर. ताप नव्हता, पोरगी उड्या मारत होती. पण सुरेखाला कळवलं असतं तर ती वाटेतच, पोखर्णीला, एसटीतून उतरून मिळेल त्या गाडीने परत आली असती, आणि ती नोकरी दुसऱ्या कोणाला तरी गेली असती. तिकडे दहावीची सराव परीक्षा होती आणि मला वर्गावर जायचंच होतं. मी स्वतःची समजूत घातली की घामोळं असेल. (जानेवारीत!) मग पावडरचा अख्खा डबा पोरीच्या पोटावर रिकामा केला आणि पाळणाघर गाठलं.

दारात मुलांची तपासणी होते. सदरा वर करून पोट बघतात. हा नियमसुद्धा... असो.

शीलाताईंनी गोदूचा फ्रॉक वर केला आणि पांढरा धुरळा उठला. त्या ठसकल्या.

"मास्तर, हे लेकरू हाय का पापडाची लाटी?"

"थंडीचं कोरडं पडतं हो अंग."

त्यांनी पदराने पावडर पुसली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. तेवढ्यात त्यांच्या सासूबाई पुढे आल्या. मुलं त्यांना सोनाआजी म्हणतात. आजींनी पुरळ बघितलं आणि गोदूला चक्क हात जोडले.

"देवी आल्यात! शीला, कडुनिंबाचा डहाळा आन."

"आत्याबाई, नियम हाय. अशा लेकराला घरी धाडायचं."

"देवी दारात आल्यात आन् त्यांना माघारी धाडायलीस? डोस्कं फिरलं का तुजं?"

म्हणजे माझ्या नियमाप्रमाणे पोरगी आत येऊ शकत नव्हती, आणि आजींच्या नियमाप्रमाणे बाहेर जाऊ शकत नव्हती! आयुष्यात पहिल्यांदाच मी माझ्या नियमाविरुद्ध मत दिलं. "आजी म्हणतात ते बरोबर आहे," असं म्हणून मी पळत्या पायाने शाळेकडे निघालो, आणि जाता जाता कंबर खाजवली.

"मास्तर," आजींचा आवाज आला, "हिकडं या. सदरा वर करा."

"आजी, इथे?"

"कामून? लेकरांनी केला न्हवं?"

दारात पाच-सहा आया उभ्या. मी सदरा वर केला. माझ्या पोटावर अगदी तसंच पुरळ होतं! तोवर मला फक्त खाज सुटली होती. बघितल्याबरोबर मला ताप आल्यासारखं वाटायला लागलं. मला लहानपणी कांजण्या आल्या नव्हत्या. मोठेपणी आल्या तर फार वाईट असतात असं ऐकलं होतं, आणि तेवढ्या दोन मिनिटांत मी ते सगळं आठवून घेतलं. गोदूच्या हाताला धरून मी निमूटपणे आजारी खोलीत गेलो. मागे दार लागलं.

"आता डाक्टरनं सांगितल्याबिगर बाहेर न्हाई," शीलाताई खिडकीतून म्हणाल्या. "तुमचाच नियम हाय. आन् आता आईला फोन."

"अहो, वडील इथेच आहेत की! वडिलांना सांगा!"

"वडिलांना सांगून उपयोग न्हाई," त्या माझंच वाक्य म्हणाल्या आणि फोन लावला.

मी डोळे मिटले. सुरेखाचा फोन बंद होता. मुलाखतीसाठी बंद केला असणार. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. पण शीलाताई चिकाटीच्या. थोड्या थोड्या वेळाने त्या फोन लावत राहिल्या आणि दर वेळी माझा जीव वरखाली होत राहिला.

इकडे सोनाआजींनी कारभार हातात घेतला. दाराला कडुनिंब लागला, खिडकीतून आत आलेला कडुनिंब मी खाटेवर पसरला, एक डहाळी त्यांनी गजांतून हात घालून माझ्या कानावर खोचली. पाळणाघरात त्या दिवशी फोडणी बंद. सगळ्या मुलांना बिनफोडणीचं वरण! केस विंचरायचे नाहीत, मोठ्याने बोलायचं नाही, आणि मुख्य म्हणजे, "लेकरू मागंल ते द्यायचं. ते लेकरू मागत न्हाई, देवी मागायल्यात."

हे शेवटचं वाक्य गोदूने ऐकलं.

आधी तिने दूधभात मागितला. मग सोनाआजींचा चष्मा मागितला, तो मिळाला. मग शीलाताईंनी टाळ्या वाजवाव्यात अशी इच्छा झाली, तीही पूर्ण झाली. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"बाबा, कोंबडा व्हा."

"गोदू!"

"मास्तर, लेकराला रागं भरू नका!" आजी खिडकीतून ओरडल्या. "देवीचा कोप व्हईल!"

इतकी वर्षं वर्गात मी पोरांना कोंबडा करत आलो. त्या दिवशी कानाला कडुनिंब लावून मी स्वतः कोंबडा झालो, तेव्हा कळलं की या आसनात पाय किती दुखतात. तशात मुख्याध्यापकांचा फोन आला.

"सर, कुठे आहात? वर्गावर कोणी नाही!"

"सर, मी... वाकलो आहे," मी म्हणालो. खोटं बोलवेना.

शेवटी मी डॉक्टरांना फोन केला. त्यांच्याकडे गर्दी होती. ते म्हणाले, "पुरळाचा फोटो पाठवा, बघून सांगतो." गोदू काही स्थिर उभी राहीना. पुरळ सारखंच, मग कोणाचंही चालेल, असा विचार करून मी माझ्याच पोटाचा फोटो काढला, 'हे काय आहे?' असं लिहिलं आणि पाठवला.

थोड्या वेळाने उत्तर आलं. 'पोट आहे.'

मग दुसरं. 'मास्तर, सकाळी फिरायला जात जा.'

फोटो पाळणाघराच्या पालकांच्या ग्रुपवर गेला होता! मी तो काढून टाकायला गेलो आणि घाईत माझ्यापुरताच काढला. म्हणजे आता तो मला सोडून सगळ्यांना दिसत होता. त्या ग्रुपवर सुरेखाही आहे. आणि खाली शीलाताईंनी, त्यांच्या मते मदत म्हणून, लिहिलं: 'गोदूचे बाबा आजारी खोलीत हायेत. कांजण्या वाटायल्यात.'

फोटो डॉक्टरांना परत पाठवेपर्यंत बाहेर निराळंच सुरू झालं होतं. बाकीच्या मुलांनी दिवसभर बघितलं होतं की ज्याच्या अंगावर ठिपके, त्याला दूधभात. ज्याच्या नाहीत, त्याला बिनफोडणीचं वरण. मुलं काही मूर्ख नसतात. शीलाताई फोनवर होत्या तेवढ्यात त्यांनी लाल स्केचपेन शोधला आणि एकमेकांच्या गालांवर, पोटांवर, एकाच्या तर टकलावर, भरपूर देवी काढल्या.

नेमके तेव्हा ग्रुप वाचून आई-बाप धावत आले. दारात बघतात तो प्रत्येक पोर लाल ठिपक्यांनी भरलेलं!

"आगं बया! समद्यांनाच!"

"मास्तरानंच आनलं हे!"

"कुठंय मास्तर?"

सगळे खिडकीशी आले. मी कोंबडा झालेला होतो. (गोदूची दुसरी फेरी चालू होती.) त्यांच्यात माझ्या वर्गातल्या दोन मुलांचे वडीलही होते.

एवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि सुरेखा उतरली. मुलाखतीची साडी, हातात फाईल. मुलाखत अर्धी टाकून आली असणार! माझ्यामुळे गेली नोकरी! मला खरोखर रडू यायला लागलं.

तिने वाटेतल्या एका ठिपक्यांच्या पोराला थांबवलं, बोट ओलं करून त्याचा गाल पुसला, लाल बोट सगळ्यांना दाखवलं आणि खोलीकडे आली.

"ताई, आत गेलात तर बाहेर न्हाई हां! नियम हाय!" शीलाताई ओरडल्या.

"कोणाचा नियम, ते मला माहिती आहे," सुरेखा म्हणाली आणि आत आली. तिने गोदूचं पोट बघितलं, माझं बघितलं आणि माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "काल रात्री हिला काय दिलंत?"

"कुठे काय? काही नाही."

"गूळ!" गोदू म्हणाली. "बाबांनी दिला. दात घासल्यावर. आईला सांगू नको म्हणाले."

(ही माझी झोपवण्याची पद्धत. एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या गुऱ्हाळावरून ताजा गूळ आला होता. खडा दिला की पोरगी गुपचूप झोपते.)

"आणि खाल्लास का सगळा?" सुरेखाने तिला विचारलं.

"नाही. वाकळीत ठेवला. मुंग्यांना पण दिला."

त्याच वाकळीत मीही झोपलो होतो! एवढ्यात माझा फोन वाजला. डॉक्टरांचं उत्तर होतं: 'मुंग्या चावल्या आहेत. काळजी नको. पोट मात्र कमी करा.'

मी ते मोठ्याने वाचून गेलो आणि बाहेर एकदम हसू फुटलं. आयांनी आपापली पोरं नळाखाली धरली. सोनाआजी मात्र जराही खजील झाल्या नाहीत. "बगा, कडुनिंबानं उतारा पडला," म्हणाल्या आणि पुन्हा फोडणी टाकायला गेल्या.

मी हळूच विचारलं, "मुलाखत?"

"झाली. घेतलं त्यांनी. जूनपासून, कायम."

मी खाटेवरच्या कडुनिंबात बसलो आणि हसायला लागलो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पोरगी ठणठणीत, बायको कायम, आणि मला कांजण्या नाहीत!

"शेवटी त्यांनी विचारलं," सुरेखा गोदूच्या पोटावरची पावडर झटकत म्हणाली, "की मूल आजारी पडलं तर सारखी रजा घ्याल का? मी सांगितलं, आमचे मिस्टर सांभाळतात. नियमांचे फार पक्के आहेत. मग फोन चालू केला, तर तुमचं पोट."

पुढच्या बैठकीत एक नवा नियम एकमताने झाला आणि तो लिहायचं काम, माझं अक्षर चांगलं म्हणून, माझ्याकडेच आलं. आता रोज सकाळी गोदू पळत आत जाते, आणि शीलाताई दारात मला थांबवून माझे खिसे तपासतात. परवा त्यांना खडीसाखर सापडली. नियमाप्रमाणे त्यांनी ताबडतोब आईला फोन लावला. गोदूच्या नाही, माझ्या! आणि ती बोरीहून मिळेल त्या एसटीने निघालीसुद्धा.