अक्कांच्या दुखण्याची वही

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यासाठी ज्वारीच्या कण्या शिजवत होते. दवाखान्यातून माझा मुलगा प्रसाद बोलत होता. "आई, आधी गॅस बंद कर," एवढंच म्हणाला आणि मला कळलं. गॅस बंद केला, कण्यांवर झाकण ठेवलं, आणि मग कितीतरी वेळ ओट्यापाशीच उभी राहिले. त्याला आता सहा आठवडे झाले. अक्कांबद्दल लिहायचं ठरवल्यावर लोकांनी सांगितलं, त्यांच्या भाकरीबद्दल लिही, त्यांच्या हसण्याबद्दल लिही. लिहीनही. पण मला जे खरं सांगायचंय ते एका वहीबद्दलचं आहे, आणि त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही.

महानंदा ही माझी थोरली जाऊ. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो. माहेर अक्कलकोटकडचं, तिकडची बोली कन्नड. लग्नानंतर मराठी शिकल्या, ती आपल्या सोयीनं वाकवून घेतली, आणि राग आला की पुन्हा कन्नडवर जायच्या. आमचे दोघींचे नवरे गेल्यावर सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोघीच राहायचो. त्यांना मूल नव्हतं. प्रसादला त्यांनीच जास्त खेळवलं. रोज मिठावरून भांडायचो. मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे मला सगळं मोजून लागायचं, आणि त्यांनी आयुष्यात कधी चमचा वापरला नाही. त्यांच्या कडक भाकरीला मात्र कुणी नावं ठेवू शकत नसे. पापडासारखी पातळ, कुठंही न चिरलेली. पुण्याला निघालेला माणूस आमच्या घरून डबा भरल्याशिवाय निघत नसे. सहाएक वर्षांपूर्वी त्यांची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ मिटेना, भाकरी थापता थापता हात थांबायचा. त्या म्हणायच्या, पीठ जुनं आहे. मी पीठ बदललं...

निदान झालं ते संधिवाताचं, आणि तोही साध्या झिजेचा नव्हे. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटते, तो. आठवड्यातून एकदाची गोळी सुरू होती, तिचा गुण अर्धामुर्धाच येत होता. मग आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की एका नव्या औषधाचा अभ्यास सुरू होतोय, अक्का त्यात बसतील. डॉक्टर तरुण, शांत, समजावून सांगण्याची हौस असलेले. म्हणाले, आजारात पेशी एकमेकींना हल्ला करण्याचे निरोप पाठवत राहतात. ही नवी गोळी पेशीच्या आत जाऊन तो निरोप पुढं जाऊ देत नाही. अक्का म्हणाल्या, म्हणजे चहाडखोराचं तोंड बंद करायचं. डॉक्टर हसले. मग त्यांनी गंभीरपणे पुढचं सांगितलं: काहींना खरी गोळी मिळेल, काहींना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कुठली, हे आम्हाला कळणार नाही आणि त्यांनाही नाही. "तुमालाबी म्हाईत न्हाय?" अक्कांनी विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. अक्कांच्या चेहऱ्यावर जी दया आली ती मी अजून विसरले नाही. एवढा शिकलेला पोरगा, आणि काय देतोय ते त्याचं त्यालाच ठाऊक नाही. आता वाटतं, त्याच वेळी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की या पोराला नाराज करायचं नाही.

अभ्यासाबरोबर एक वही आली. रोज सकाळी दुखणं शून्य ते दहात किती, सांधे किती वेळ आखडले, नळ फिरवता येतो का, बटण लावता येतं का. बोटांत पेन धरवत नव्हतं म्हणून लिहायचं काम माझ्याकडं. मी विचारायचे, अक्का, आज किती? त्या म्हणायच्या, "दोन लिव." कधी एक. गुरुवारी डॉक्टरांकडं जायचं असेल तर बुधवारी हमखास एक. आणि मी लिहायचे. तांब्या त्यांच्या हातातून निसटताना मी पाहायचे, फरशीवरचं पाणी मीच पुसायचे, आणि वहीत दोन लिहायचे. उन्हाळ्याचं निमित्त करून त्यांनी कमरेपर्यंतचे केस मानेशी कापून घेतले, तेव्हाही मी म्हटलं, बरं दिसतंय. बत्तीस वर्षं मी पोरांचे ढापलेले गृहपाठ नजरेनं ओळखले. माझ्या स्वयंपाकघरातला हा खोटा गृहपाठ मला ओळखता आला नाही, असं कोण म्हणेल? मला ओळखायचा नव्हता. अभ्यासात घालायचा आग्रह माझा होता. गुण आला नाही तर आता पुढं काय, याची मला धास्ती होती, आणि वहीतला दोनचा आकडा मला फार सोयीचा होता.

बाराव्या आठवड्याला डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे एकेक सांधा दाबून पाहिला आणि सुजलेले सांधे मोजले. मग वही उघडली. बराच वेळ पानं पुढं-मागं करत राहिले. काय लिहा, हे ते सांगू शकत नव्हते. तसा नियमच असतो. एवढंच म्हणाले, "अक्का, तुमचे हात एक सांगतायत आणि वही दुसरं. ही वही मला खूश करण्यासाठी नाही. उद्या तुमच्यासारख्याच एखाद्या बाईला हे औषध द्यायचं की नाही, ते अशा वह्यांवरून ठरणार आहे." आपलं बरं आहे म्हटल्यानं कुणा दुसरीचं वाईट होऊ शकतं, हे अक्कांच्या ध्यानीमनी नव्हतं. मग त्यांनी मानेशी कापलेल्या केसांना हात लावला आणि म्हणाल्या, "केसात फणी फिरवाया येत न्हाय मला. म्हून कापले. हिला बी सांगितलं न्हाय."

हिला म्हणजे मला. मी तिथंच रडले, चारचौघांत, गणिताच्या बाई. डॉक्टरांनी आधीची पानं खोडू दिली नाहीत. जे लिहिलंय ते तसंच राहील, म्हणाले. ते विश्वासार्ह नाही अशी नोंद त्यांनी वेगळी केली, आणि आजपासून खरं लिहा म्हणाले. त्यात आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बारा आठवड्यांत गुण आला नाही तर त्या पेशंटला पुढं खरीच गोळी द्यायची, असं अभ्यासाच्या कागदात पहिल्यापासून लिहिलेलं होतं. तो कागद मीच अक्कांना मोठ्यानं वाचून दाखवला होता. म्हणजे त्या दिवशीही अक्का एक म्हणाल्या असत्या आणि मी एक लिहिलं असतं, तर कदाचित खऱ्या गोळीची वाट मीच बंद केली असती.

गोळी बदलली. चमत्कार झाला नाही, पण तीन-चार महिन्यांत सूज उतरली. मूठ मिटू लागली. भाकरी पुन्हा झाली, जरा जाड, एका बाजूला चिरलेली. अक्कांनी ती चिमण्यांना घातली आणि दुसरी केली. केस वाढू लागले तशी मी रोज सकाळी त्यांची वेणी घालायचे. एकदा वेणी घालताना, माझ्याकडं पाठ असताना, त्या सहज बोलल्या, "मी सांगितलं म्हून तू लिवलीस, ते खरं. पण तू बघत हुतीस की." आवाजात राग नव्हता. मी म्हटलं, होय अक्का, बघत होते. त्या म्हणाल्या, जरा घट्ट घाल, सुटतीय. एवढ्यावर तो विषय संपला, त्यांच्या बाजूनं तरी.

पुढचं दीड वर्ष वही खरी होती. शेजारीण कशा आहात विचारायची तर अक्का "आज तीन" म्हणून तिला चक्रावून टाकायच्या. दूधवाल्यालाही एकदा त्याच्या पाठदुखीचा आकडा विचारून झाला. मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटी न्यूमोनिया झाला. पंधरा दिवस दवाखान्यात होत्या. त्या गेल्यावर मी डॉक्टरांना सरळ विचारलं, हे तुमच्या गोळीनं झालं का? प्रतिकारशक्ती दबते म्हणून तापाकडं लक्ष ठेवायचं, हे त्यांनी आधीच बजावलेलं होतं. मला कुणावर तरी चिडायचं होतं. ते म्हणाले, असू शकेल. या आजारात फुप्फुसंही कमजोर होतात, वयही होतं. नक्की काय ते मला माहीत नाही, मी सगळं अभ्यासाच्या लोकांना कळवलंय. अक्कांना ज्या उत्तराची दया आली होती तेच उत्तर, पण मला त्या दिवशी त्याच्याबद्दल आदर वाटला. खोटा धीर देणं त्यांना किती सोपं होतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

वही परत द्यावी लागली. ती अभ्यासाची. देण्याआधी मी शेवटच्या पानाचा फोटो फोनमध्ये काढून ठेवला. तो रोज एकदा तरी उघडते.

ते पान लिहिलं त्या सकाळी मी पुण्याला निघणार होते. दुसऱ्या दिवशी प्रसादच्या मुलीचं बारसं होतं, नातीला मी अजून पाहिलंही नव्हतं, पिशवी भरून दाराशी ठेवलेली. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी विचारलं, आज किती? "चार लिव. तू जा." मी चार लिहिलं. ती त्यांची वही, आकडा त्यांचाच हवा. मग मान वर करून पाहिलं. ओठ सुकलेले, बोलताना मधेच श्वास घेत होत्या, हात लावला तर कपाळ तापलेलं. मी पुन्हा पेन उघडलं आणि चारच्या खाली लिहिलं: 'माझ्या मते आठ. अंगात ताप आहे, दम लागतोय.' खाली माझी सही केली, तारीख घातली, आणि डॉक्टरांना फोन लावला.

"काय लिवलालीस एवढं?" अक्कांनी डोळे न उघडता विचारलं.

"मला दिसतं ते. आठ."

मग त्यांनी माझा हात शोधला.

"नऊ हाय की," म्हणाल्या.