पेपरला नावं ठेवायची परीक्षा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, तर आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचे. घरातला पहिला पदवीधर मी झालो, पण मुंबईला जाऊन पुढे शिक हा हट्ट त्यांचा. छापील कागदाला पाय लागला तरी त्या वाकून नमस्कार करायला लावत.

अंधेरीला मेंदूविज्ञानाच्या एम.एस्सी.ला आलो आणि पहिल्याच सत्रात हा नमस्कार आडवा आला. दर शुक्रवारी एकाने एखादा शोधनिबंध, सगळ्यांच्या भाषेत पेपर, वर्गापुढे मांडायचा. माझ्या वाट्याला उंदरांच्या स्मरणशक्तीवरच्या औषधाचा पेपर आला. मी तो जवळजवळ पाठ केला, आकृत्यांसकट मांडला आणि शेवटी लेखकांचे आभारही मानले.

सरांनी शांतपणे विचारलं, "लेखक तुमचे कोण लागतात?"

वर्ग हसला.

"यात काय चुकलंय ते सांगायचं होतं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा मांडा. तेव्हाही आरतीच केलीत तर नापास."

नापास म्हणजे शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद म्हणजे थेट गावची एसटी.

कॅन्टीनमध्ये वर्गातली दहिसरची मैत्रीण समोर येऊन बसली. "तुमच्या गावात लग्नाला जातात ना रे?"

"जातात."

"जेवून बाहेर पडल्यावर काय बोलतात?"

"वरणात मीठ नव्हतं. जिलबी गार होती."

"वाढणाऱ्याच्या पाया तर पडत नाहीत ना? मग पेपरचंही तसंच कर. आधी पोटभर जेव, मग नावं ठेव."

आठवडाभर मी तो पेपर जेवलो. शेवटी कमी पडलेलं मीठ सापडलं. औषध दिलेल्या उंदरांची चाचणी सकाळी घेतली होती, न दिलेल्यांची संध्याकाळी. मग फरक औषधाने पडला की वेळेने?

शुक्रवारी मी हे वर्गापुढे मांडलं. सर पुढे झुकले. "अजून काही?"

"नाही सर. एकच सापडलं."

"पास होण्यापुरतं आहे. बसा."

त्याच संध्याकाळी बाईंना पत्र टाकलं:

"आदरणीय बाई,

पास झालो. इथे छापलेल्यातली चूक काढली की गुण मिळतात. तुम्ही वर्गात असतात तर माझा कान धरला असतात. पण चूक दिसली ती तुमच्यामुळेच. आठवीत खताच्या प्रयोगाला दोन रोपं लावली होती. मी एकाला सकाळी आणि दुसऱ्याला दुपारी पाणी घातलं, म्हणून तुम्ही सगळा प्रयोग पहिल्यापासून करायला लावलात. बाई उगाच छळतात, असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, आणखी थोडं छळायला हवं होतं."