चिबाडातली आरोळी

अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, पक्षी दाखवायला न्यायची बुद्धी मला कुठून सुचली कोण जाणे. पोरांना जीवशास्त्र घोकवून घोकवून माझी अक्कल बहुतेक तेवढ्यापुरतीच उरली होती. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि मी त्यातल्याच एकात दिवसाला चार बॅचेस घ्यायचो. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. त्यात एक खोली अण्णांची. खाट टाकलेली, चादर घातलेली आणि वर्षभर रिकामी.

अण्णा राहायचे औशाकडच्या पुनर्वसनाच्या गावात. भूकंपानंतर सरकारनं पक्कं घर दिलं, त्यात त्यांनी ज्वारीची पोती ठेवली आणि स्वतः बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये झोपले. आमच्या भागात यात नवल नव्हतं. चांगले धडधाकट गडी वर्षानुवर्षं स्लॅबखाली झोपले नाहीत. पण अण्णांची छाती आता धड नव्हती, एकटं राहू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मिनत्या केल्या, भांडलो, बायकोनं हात जोडले. त्यांचं आपलं एकच, बघू.

अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि पक्ष्यांचे वेडे. एका शंभर पानी वहीत रोज लिहायचे. ओढ्याला शेकाट्या आले, माळावर धाविक दिसला. भूकंपात आई गेली आणि वही बंद झाली. म्हणून माझा बेत असा, की हिवाळ्यात चाकूरजवळच्या एका तलावाच्या चिबाडात, काठच्या दलदलीत, परदेशातनं बदकं उतरतात, ती बघून म्हातारा खुलेल, आणि खुलला की घरी येईल. नांदेडला कॉलेजात असताना घेतलेली जुनी दुर्बीण पुसून ठेवली. अण्णा चक्क हो म्हणाले. पक्षी बघू आधी, मग सांगतो येतो की न्हाई ते, म्हणाले.

पौषातली थंडी. स्कूटरवर मागं अण्णा, डोक्याला मफलर, मांडीवर धपाट्यांचा डबा. तूर वाळत आलेली, करडईला काटे धरलेले. तलावाचं पाणी बरंच मागं सरकलं होतं आणि काठाला नुसती काळी राड. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. कडेनं बेशरमाची झुडपं, मधे पाणकणीस, आणि बांधाच्या पलीकडे लागूनच एक वस्ती. आम्ही बांधाच्या दगडावर बसलो. पाण्यावर थापट्या बदकं होती, काळे वारकरी पक्षी होते, दूर वाळूच्या पट्ट्यावर भगव्या रंगाची दोन मोठी बदकं.

अण्णांनी दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग म्हणाले, चक्रवाक हायेत, जोडीनं राहतात हे. थोड्या वेळानं त्यांनी कागद मागितला. माझ्या खिशात सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका होती, तिच्या पाठीवर त्यांनी दोन ओळी लिहिल्या. इतक्या वर्षांनी! मला वाटलं, चला, जिंकलं. बायकोला जाऊन काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागलो.

तेवढ्यात एक भोवत्या आला. हा शिकारी पक्षी पाणकणसावरून अगदी खालून तरंगत येतो. तो दिसला आणि तळ्यावरचं झाडून सगळं पाखरू एका दमात उठलं. पंखांचा एवढा आवाज झाला की मीही दगडावरून उठलो. भोवत्या, भोवत्या आहे, असं मी म्हणेपर्यंत अण्णांनी कागद टाकला आणि बांधावरून वस्तीकडे पळत सुटले.

"बाहेर निघा! लेकरं घ्या, बाहेर निघा!"

दुसऱ्या कुठल्या मुलखात लोकांनी विचारलं असतं, काय झालं? आमच्याकडे विचारत नाहीत. मी पोचेपर्यंत सगळी वस्ती बाहेर होती. पिठाच्या हातानं बाया, अंगाला साबण असलेला एक माणूस, कडेवर पोरं. एका म्हातारीला तिच्या सुनेनं फरपटत आणलं होतं, गुडघा सोलून रक्त निघालेलं. सगळे भिंतींपासून लांब उभे, आणि सगळे खाली जमिनीकडे बघत होते.

जमीन काही हलली नाही. मी हात जोडून सांगितलं, पाखरं उठली म्हणून वडील घाबरले, माफ करा. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी हसलं नाही, हेच वाईट. एकदोघं चिडून काहीबाही बोलले आणि आत गेले. म्हातारी तेवढी अण्णांच्या हाताला धरून म्हणाली, "बरं केलास बाबा आवाज दिलास. खोटा का असंना."

अण्णांचा चेहरा तेव्हा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं.

परतीला एका बाभळीखाली थांबलो. धपाटे कुणी खाल्ले नाहीत. मी मास्तरकी सुरू केली, की बदकं उडतात ती शिकाऱ्याला भिऊन, त्याचा भूकंपाशी काय संबंध. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते मलाबी कळतंय."

"मग ओरडलात कामून?"

"तवा ओरडलो न्हाई म्हणून."

ती वही ढिगाऱ्यातून मीच काढली होती. मी तेव्हा बारावीला लातुरात खोली करून राहायचो म्हणून वाचलो. शेवटच्या पानावर गणपती बुडवले त्या दिवसाची, भूकंपाच्या आदल्या संध्याकाळची, ओळ होती. चिंचेवर आज एकही पोपट मुक्कामाला आला नाही, नवल आहे. एवढं लिहून अण्णांनी उकडतं म्हणून आपली बाज अंगणात काढली. आई आत झोपली.

"तू वाचलंस न्हवं ते पान?" अण्णांनी विचारलं.

"हाव."

ते माझ्याकडे बघत राहिले. तुमची चूक नव्हती, एवढंच म्हणायचं होतं. पोपट शंभर कारणांनी झाड बदलतात, हे मला येत होतं. पण मी ते पान वाचल्या दिवसापासून मनात त्यांनाच दोषी धरून बसलो होतो, आणि तसं नसल्यासारखं तोंड करणं मला त्या वेळी जमलं नाही. मी स्कूटरला किक मारली.

शेडपाशी उतरल्यावर त्यांनी दुर्बीण परत दिली. "न्हाई येत मी," म्हणाले, "तू ये अधूनमधून."

त्याच उन्हाळ्यात अण्णा शेडमध्येच वारले. दुपारपर्यंत कुणाला कळलंही नाही.

त्यांच्या खोलीत आता हदगावच्या दोन पोरी राहतात, पहिल्या वर्षी मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून पुन्हा परीक्षेला बसल्यात. परवा एकीनं विचारलं, सर, पक्ष्यांना भूकंप आधी कळतो का? मी म्हणालो, पक्कं कुणालाच सांगता येत नाही, त्यावरून माणसाला दोष देता येत नाही. तिनं वहीत उतरून घेतलं. एवढं सोपं वाक्य होतं.