सीटखालचा पत्रा

विमानांचं पत्राकाम करणाऱ्या त्या बाईंना सगळा कारखाना आत्या म्हणायचा, आणि त्यांचा तोराही नावाला शोभेल असाच होता. त्यांच्या हँगरमध्ये यायची ती विमानं मोडीत निघालेली. एकेकाळी नवशिक्यांना उडायला शिकवणारी, पंख्याची, दोन माणसांची. पण डोंगरात बंडखोरांशी लढाई जुंपली आणि या म्हाताऱ्यांना एकदम भाव आला. झाडीत कोण दडलंय हे दिसेपर्यंत जेट विमान पुढच्या खोऱ्यात पोचलेलं असायचं. ही आपली सावकाश घिरट्या घालायची. पण सावकाश जाणाऱ्याला खालून गोळीही लागते. म्हणून पंखांखाली बंदुका लावायच्या आणि वैमानिकाच्या सीटखाली पोलादी पत्रा. तो पत्रा आत्यांचा.

कारखान्याचा एक रिवाज होता. पत्रा ज्यानं बसवला, त्यानं पहिल्या उड्डाणाला मागच्या सीटवर बसायचं. मग कामात कुचराई करायची कुणाची टाप नव्हती. आत्यांना शिडीवर चढलं तरी गरगरायचं, पण रिवाज त्यांनी कधी चुकवला नाही. डोळे गच्च मिटून जाऊन यायच्या.

या खेपेचं विमान त्यांची लेकच डोंगरात नेणार होती. आणि इथेच आत्या चुकल्या. कुणाला न विचारता त्यांनी त्या पत्र्याखाली आणखी एक पत्रा ठोकला. आईचं काळीज, दुसरं काय!

पहिल्या उड्डाणाला विमान धावलं, धावलं, पण नाक काही उचलेना. धावपट्टी संपत आली तसा लेकीनं करकचून ब्रेक दाबला.

"आई, खाली काय घातलंस?"

"कुठं काय?"

"आई!"

"एक जास्तीचा पत्रा."

"अगं, गोळीच्या आधी तूच मारशील मला! काढ तो."

आत्यांनी तो स्वतःच काढला. एकेक रिव्हेट तोडून. दुपारी दोघी पुन्हा निघाल्या. विमान अलगद वर गेलं. त्या दिवशी पहिल्यांदाच आत्यांनी डोळे उघडे ठेवले. समोर लेक ताठ मानेनं बसली होती. ही माझी, असं त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

लेक डोंगराकडे गेली त्या दिवशी त्यांना घास गिळवेना. विमान परतलं ते पोटाला भोक पाडून घेऊनच. आत्या तडक विमानाखाली शिरल्या. पत्र्याला चांगलाच पोचा आला होता, पण तो फुटला नव्हता. मग मात्र त्या तिथेच बसून ढसाढसा रडल्या.

कारखान्याचे साहेब धावत आले. "आत्या, अहो, लेक सुखरूप आहे!"

"ते कळलंय मला. तुम्ही पत्रा बघा आधी!"

लेक वाकून म्हणाली, "आई, बाहेर ये ना."

आत्यांनी पदरानं नाक पुसलं आणि हातोडी मागितली.

"तू जा, जेवून घे. मला नवा पत्रा बसवायचाय. उद्या परत जायचंय ना तुला?"