फारसीतला खजूर

शाळेतल्या शास्त्रीबुवांना माझा आणि मला संस्कृतचा वीट आला, तेव्हा मी मॅट्रिकसाठी फारसी घेतली. वडील सोलापुरात गिरणीत कारकून होते. फारसीतही नापास झालास तर भोंगा वाजला की उठून सूतखात्यात जायचं, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. आईची अट वेगळी होती. फारसी शिकवणाऱ्या मौलवीसाहेबांच्या घरी शिकायला खुशाल जा, पण त्यांच्याशी खाण्यापिण्याचं देणंघेणं नाही.

मी अडलो तो नेमका प्रयोजक क्रियापदांवर. दवीदन म्हणजे धावणं, दवानीदन म्हणजे धावायला लावणं. यात न कळण्यासारखं काय होतं, ते आज मलाही सांगता येणार नाही. मौलवीसाहेबांनी मला अंगणातल्या लिंबाभोवती पळवलं आणि मग माझ्याकडून त्यांची बकरी पळवली. बकरी थेट शेजारच्या विणकरानं दारात पसरलेल्या सुताच्या ताण्यात घुसली. तो तेलुगूत जे बोलला, त्यातलं एकही क्रियापद मौलवीसाहेबांनी मला समजावून सांगितलं नाही.

"ऐसा नक्को," ते म्हणाले. "खाने का लेके देखेंगे."

रमजान चालू होता. त्यांना खाता येत नव्हतं, पण खाऊ घालता येत होतं. त्यांनी एक खजूर सरळ माझ्या तोंडात कोंबला.

"खाया कौन?"

"मी."

"और खिलाया कौन?"

"तुम्ही."

डोक्यात लख्ख उजेड पडला. मग रोजच उजळणी आणि रोजच खजूर. बिया त्यांच्या अंगणात कशा थुंकायच्या, म्हणून मी त्या कोटाच्या खिशात ठेवत गेलो. कोट धुवायला काढला तेव्हा त्या आईला सापडल्या.

"त्यांच्याकडं खाल्लंस?"

"खाल्लं न्हाई. मला खायला लावलं."

हा बचाव मला अगदी बिनतोड वाटला होता. आईनं त्याच दिवशी फारसी बंद केली. मला रात्रंदिवस सूतखातं दिसायला लागलं.

मी येत नाही म्हणून मौलवीसाहेब स्वतःच चौकशीला आले, ते नेमके एकादशीच्या संध्याकाळी. आईचा निर्जळी उपास, त्यांचा रोजा. ओठ दोघांचेही वाळलेले आणि भांडण मी खाल्ल्यावरून. आई सोवळ्यात दाराच्या आत, ते ओट्याखाली आणि मी मधे उंबऱ्यावर.

"पोराला खायला का घातलंत?"

"शिकवलं हो, बाई. हा नापास झाला तर गिरणीत जाईल की. मला नाही बघवणार ते."

मला एकदम रडू आलं. माझ्या नापास होण्याचा घरात सगळ्यांना राग होता, वाईट कुणालाच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात मशिदीतून अजान ऐकू आली. रोजा सोडायची वेळ झाली, म्हणून ते घाईनं जायला वळले. आई "थांबा" म्हणून आत गेली, तिनं फराळाच्या डब्यातून एक खजूर काढला आणि वरूनच माझ्या तळहातावर टाकला.

"दे त्यांना. उपाशी माणूस दारातून जायला नको."

"पण आई, देणंघेणं नाही म्हणाली होतीस की!"

"मी कुटं देते? तुझ्याकडून देववते."

मौलवीसाहेबांनी खजूर घेतला आणि क्षणभर तसाच हातात धरला. "हा पास होतो का नाही, ते अल्लाला ठाऊक," ते म्हणाले. "बाई, तुमी झालात." मग त्यांनी रोजा सोडला.

दुसऱ्या दिवशी आईनंच मला फारसीला धाडलं. मी पायरी उतरताना एवढंच म्हणाली, "बिया तिकडंच टाकून येत जा."