पलीकडचा 'हरेल'वाला

एकाहत्तर वर्षांचा व्हर्लिन स्टकी म्हणजे अख्ख्या नेब्रास्कातला सर्वांत जाणकार माणूस, असं निदान त्याचं मत. तीस वर्षं त्याने गावातल्या कॉलेजच्या मैदानावर रेघा मारल्या, म्हणून लांबट चेंडूचा तो फुटबॉल त्यालाच कळतो म्हणे. बायको गेल्यापासून मात्र मैदानात पाऊल नाही. शनिवारी फोनवर भाकितांचा बाजार, म्हणजे सामन्यांच्या निकालावर पैसे लावायचं ॲप, उघडून बसतो. कॉलेजच्या 'जिंकेल'चा भाव चौसष्ट सेंट असला तर तेवढ्याला घ्यायचा. जिंकलं तर डॉलर, हरलं तर भोपळा. अट एवढीच, की याने 'जिंकेल' घेतलं की पलीकडे कुणीतरी 'हरेल' घ्यायला हवं.

आता एवढ्याशा कॉलेजच्या पराभवावर पैसे लावणार कोण? गावातल्या कुणी लावले तर न्हावीसुद्धा त्याला दारात उभं करणार नाही. तरी दर शनिवारी कुणीतरी लावत होतं.

व्हर्लिनच्या मते तो ऑर्व्हल, धाकटा भाऊ. हा पठ्ठ्या आईच्या दफनाला नदीपलीकडच्या वैरी कॉलेजची टोपी घालून आला होता.

"काढ ती."

"ऊन लागतं डोक्याला."

संपलं. अकरा वर्षं अबोला.

खात्री करायला व्हर्लिनने एकदा मोजून सतरा 'जिंकेल' मागितले. सतरा हा ऑर्व्हलच्या शाळेतल्या जर्सीचा आकडा. पापणी लवायच्या आत सतराच्या सतरा मिळाले! त्या दिवशी कॉलेज सपाटून हरलं, तरी व्हर्लिनची स्वारी आठवडाभर शीळ घालत गवत कापत होती.

पुढच्या शनिवारी सकाळी शेजारच्या डार्लीनला राहवलं नाही. "अहो व्हर्लिन, कुणी बाई भेटली की काय?"

त्याने सगळं सांगितलं. ती कुंपणाला धरून हसली. "अहो, तिकडे माणूस कुठला? मोठ्या कंपन्यांची यंत्रं बसलेली असतात. कुणीही मागा, कितीही मागा, ती समोर हजर. नावही ऐकलं नसेल असा एखादा सामना उघडा आणि मागा अठरा!"

त्याने हवाई बेटांवरचा एक सामना उघडला. अठरा मागितले. मिळाले. एक्केचाळीस मागितले. तेही मिळाले.

त्याचा पडलेला चेहरा बघून डार्लीनचं हसू आटलं. "खिमा-राजम्याची चिली केलीय मी, दालचिनीचे रोलही आहेत. या ना."

"जेवलोय," तो म्हणाला. सकाळचे साडेदहा वाजले होते.

घरात जाऊन त्याने ऑर्व्हलचा जुना नंबर फिरवला.

"कोण?"

"मी. व्हर्लिन."

पलीकडच्या टीव्हीचा आवाज बारीक झाला. "कुणी गेलं का?"

"नाही रे. म्हटलं, आज कोण जिंकेल तुझ्या मते?"

"कशात?"

"अरे, आज आमची तुमच्याशी मॅच नाही का!"

"मी ते बघणं कधीच सोडलं, व्हर्लिन. आई गेली त्याच वर्षी."

व्हर्लिनने खुर्ची ओढली. "बरं, ऐक," म्हणाला, आणि यंदा चेंडू कोण फेकतो, त्याचा गुडघा कसा दुखावलाय, तिथपासून सांगायला लागला. पलीकडून मधूनमधून "हं" येत होतं. तेवढ्यावर तो पुढे सांगत राहिला.