अप्पांनी घालवलेली थंडी

माझ्या वडिलांना मनापासून वाटायचं की नाशिकची थंडी त्यांनी घालवली.

काल दुपारी अप्पा गेले.

एकलहऱ्याच्या थर्मल पॉवर स्टेशनमध्ये ते आयुष्यभर बॉयलरवर होते. कोळसा जाळायचा, वीज करायची. आम्ही भावंडं त्या कोळशावरच शिकलो.

धाकटे काका दिंडोरीकडे द्राक्षं करायचे. नव्वदच्या दशकात तिकडे असा गारठा पडायचा की पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करावा लागे, नाहीतर बाग करपायची.
अप्पा सेकंड शिफ्ट संपवून स्कूटर हाणत तिकडे जायचे, जाळ करायला.
"दादासारखा जाळ कुणाला जमत नाय," काका सगळ्यांना सांगायचे.
इतके खूश अप्पा पगाराच्या दिवशीसुद्धा नसायचे.

मग काकांनी वाइनची द्राक्षं लावली.
त्या द्राक्षांना रात्रीचा गारवा हवाच. आणि नेमका तोच वर्षागणिक कमी होत गेला. शेकोट्यांची गरजच उरली नाही.
साखर भराभर चढायची, आंबटपणा टिकायचा नाही. वायनरीचा माणूस यायचा, मणी चाखायचा आणि मान हलवायचा. वर अवकाळी पाऊस होताच.

एका रविवारी मळ्यात जेवायला बसलो होतो. काका म्हणाले, "दादा, तुझ्या त्या प्लांटच्या चिमणीनंच खाल्ली माझी थंडी. दुसरं काय."
सगळे हसले. मी तर जरा जास्तच.
अप्पा हसले नाहीत.

परत येताना स्कूटरवर त्यांनी विचारलं, "खरं असतं का गं ते?"
मी तेव्हा बीएस्सीला होते. म्हटलं, "थोडं खरं आहे, अप्पा. कोळसा जाळला की हवा तापते. पण कोळसा काय, सगळं जगच जाळतंय."
खोटं कसं बोलणार होते मी?
पण त्यांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं.

पुढे काकांनी बाग तोडली, टोमॅटो लावले.
अप्पांनी मळ्यात जाणंच सोडलं. कधी शिफ्ट, कधी गुडघे. दिवाळीला काका आमच्याकडे आले तर अप्पा दोन शब्द बोलून पेपर उघडून बसायचे.
"एकदा जाऊन या ना, अप्पा."
"कुठल्या तोंडाने जाऊ?"
मला वाटायचं, भावाभावांचं आहे, होईल आपोआप नीट. मी मध्ये पडले नाही. याचं आज इतकं वाईट वाटतंय की लिहितानाही लाज वाटते.

काल स्मशानातून आल्यावर काका आमच्या पायरीवरच बसले. म्हणाले, "पोरी, दादाला माझं काय लागलं होतं गं? इतकी वर्षं मळ्यात पाय नाय ठेवला त्यानं."

मी सांगितलं.
त्यांना ती चेष्टा आठवतसुद्धा नव्हती.

मग म्हणाले, "अगं, माझ्या विहिरीवरची मोटर त्याच्याच लायटीवर चालायची. ती नसती तर बागच कुठली लावली असती मी?"

एवढंच अप्पांना ऐकायचं होतं.
एका फोनचं काम होतं. दोघांनाही मी चांगली ओळखत होते, आणि तो फोन मी लावून दिला नाही.

अप्पा, काका तुमच्यावर कधीच रागावले नव्हते. एक दिवससुद्धा नाही.

निवांत जा आता. नमस्कार.